जॅझ ऐकताना मागे बसलेल्यांकडे कान द्या (तुमचं आवडतं रेकॉर्डिंग कोणतं?)

जुना_रेडिओ | शनिवार, रात्री १०:१२

पन्नासहून जास्त वर्षं झाली मला जॅझ ऐकायला लागून. सुरुवात सदाशिव पेठेतल्या वाड्यात झाली. समोरच्या बिऱ्हाडातले काका रात्री सामसूम झालं की व्हॉल्व्हचा रेडिओ लावायचे, शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका. विलिस कॉनोव्हर नावाचा निवेदक, खर्जातला आवाज, आणि इतकं सावकाश इंग्रजी की मराठी मीडियमच्या नववीतल्या पोरालाही शब्द न् शब्द कळावा. ज्यांची भाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी तो मुद्दामच तसं बोलायचा, १९५५ पासून. त्याच्या कार्यक्रमाची धून 'टेक द ए ट्रेन' वाजली की मी काकांच्या पायरीवर जाऊन बसायचो. स्टेशन सरकायचं, खरखर व्हायची, अर्धा सोलो गायब, मग काका काटा केसभर इकडे केसभर तिकडे करत बसायचे.

त्या रेडिओवर बेस, म्हणजे खर्जाचं ते मोठं तंतुवाद्य, ऐकूच यायचा नाही. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तेवढे वर तरंगायचे. त्यामुळे कित्येक वर्षं माझ्या लेखी जॅझ म्हणजे फुंकणारी माणसं. पुढे पिंपरीत नोकरी लागली, पैसे साठवून बऱ्यापैकी स्पीकर घेतले आणि ट्रम्पेटवाल्या माईल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' लावलं, जे तोवर पाठ झालं होतं असं मला वाटत होतं. आणि पहिल्याच 'सो व्हॉट'ला कळलं की आपण अर्धंच ऐकत होतो. ती चाल मुळात बेसवर आहे! पॉल चेंबर्स विचारतो, आणि बाकीचे नुसते दोन ठोक्यांत 'हो ना' म्हणतात, आधी पियानो, मग तिघे फुंकणारे.

एक जागा सांगतो. दीड मिनिटाच्या आसपास माईल्सचा सोलो सुरू होतो. त्याच क्षणी ड्रमर जिमी कॉब सिंबलवर एक फटका देतो. बाकी सगळं इतकं हळुवार चाललंय की तो फटका जरा मोठाच वाटतो. पण मग तो थांबवत नाही, सिंबल नुसतं झंकारत राहतं, आणि त्या विरत जाणाऱ्या आवाजावर माईल्सचे पहिले तीन-चार स्वर येऊन बसतात. दाराचा पडदा कोणीतरी हाताने बाजूला धरून ठेवावा ना, तसं. तो फटका नसता तर सोलो तोच राहिला असता पण माईल्स खोलीत आला असं वाटलं नसतं.

तेव्हापासून माझं मत असं की जॅझमधला मोठेपणा मागे बसलेल्यांत शोधावा. पुढचा माणूस काय वाजवतो ते कुणालाही ऐकू येतं. तर सांगा, तुमचं सगळ्यात आवडतं रेकॉर्डिंग कोणतं, आणि त्यात साथीला कोण आहे?

चाफेकळी | शनिवार, रात्री १०:३१

वाचतेय. जागा अडवून ठेवते, उद्या सविस्तर लिहीन.

निषाद | शनिवार, रात्री १०:५८

सुंदर लिहिलंय, पण सहमत नाही. साथीदार हवेतच, पण सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन ऐकताना मी कोल्ट्रेनच ऐकतो. भीमसेनजींच्या मैफलीला जाऊन कुणी तंबोऱ्याकडे कान लावून बसायचं का?

'अ लव्ह सुप्रीम', ९ डिसेंबर १९६४, एका बैठकीत केलेलं रेकॉर्डिंग. माझं आवडतं विचाराल तर हेच, दुसरं काही नाही. त्याच्या पहिल्या भागात एकच चार स्वरांचा तुकडा घेऊन हा माणूस तो बाराही पट्ट्यांत फिरवतो, एकेक दार वाजवत गेल्यासारखा, आणि मग वाद्य खाली ठेवून तेच चार स्वर तोंडाने म्हणायला लागतो. आषाढात पालखी पुण्यात येते तेव्हा लक्ष्मी रोडला उभं राहून 'ज्ञानबा तुकाराम' ऐकलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शब्द तेच, चाल तीच, पण दर वेळी माणूस थोडा पुढे सरकलेला असतो.

बेसवाला_पौड_रोड | शनिवार, रात्री ११:२०

@निषाद, तुम्ही स्वतःच्याच विरोधात उदाहरण दिलंत हो. ते चार स्वर सुरुवातीला आणतो कोण? जिमी गॅरिसन, बेसवर! आणि त्या भागाचा शेवट ऐका. कोल्ट्रेन थांबतो, पियानो थांबतो, एल्विन जोन्सचे ड्रम विरतात, आणि बेस एकटा उरतो. कोल्ट्रेनने जे म्हटलं ते याने आधीच सांगून ठेवलेलं होतं.

मी गेली अकरा वर्षं डबल बेस वाजवतोय, हौशी. उंचीला माझ्याहून मोठा, रिक्षात मावत नाही, टेम्पो करावा लागतो. पहिले सहा महिने बोटांना नुसते फोड, फुटायचे, परत यायचे, मग कातडी जाड होते आणि तेव्हा कुठे तारेतून गोल आवाज निघतो. वॉकिंग बेस म्हणजे दर मात्रेला एक स्वर, अख्ख्या गाण्यात थांबायचं नाही, आणि प्रत्येक स्वर असा निवडायचा की पुढची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कुठली येणार हे पुढच्याला आधीच कळावं. म्हणजे एकाच वेळी ठेकाही धरायचा आणि रस्ताही दाखवायचा.

चेंबर्सबद्दल थोडं. 'काइंड ऑफ ब्लू'चं रेकॉर्डिंग दोन दिवसांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. २२ एप्रिल हा त्याचा वाढदिवस, त्या दिवशी तो २४ वर्षांचा झाला. आणि १९६९च्या जानेवारीत गेला, ३३ व्या वर्षी, टीबीने. मी सो व्हॉटची ती चाल वाजवायला घेतो तेव्हा हे डोक्यातून जात नाही.

निषाद | शनिवार, रात्री ११:२६

मोदक (म्हणजे अनुमोदन). गॅरिसनबद्दल माघार. तंबोऱ्याबद्दल नाही.

खडकीकर | रविवार, सकाळी ७:४५

एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. मला हे सगळं हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं वाटतं. सुरुवातीला चाल असते ती बरी वाटते, मग जो तो मनाला येईल ते वाजवत सुटतो आणि शेवटी परत चाल येते. मधल्या दहा मिनिटांत धरायचं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिहाई | रविवार, सकाळी ९:०५

@खडकीकर, चांगला प्रश्न आहे, राग कसला. मनाला येईल ते कुणीच वाजवत नसतं. आपल्याकडे तालाचं आवर्तन असतं, सोळा मात्रा संपल्या की सम. तिकडे अख्ख्या चालीचंच आवर्तन असतं. बहुतेक गाणी ३२ बारची (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा गट), आठ-आठचे चार तुकडे, पहिला, दुसरा आणि चौथा सारखे, तिसरा वेगळा. ब्लूज असेल तर १२ बारचं. चाल वाजवून झाली तरी आवर्तन चालूच राहतं, फक्त त्याच्यावर आता नवीन स्वर येतात. तर युक्ती अशी, सोलो चालू असताना मूळ चाल मनात गुणगुणत राहायची. दोन-तीनदा चुकाल, मग एकदम कळेल की हा वादक आत्ता तिसऱ्या तुकड्यात शिरला.

मी तबला शिकवतो (नारायण पेठ). माझ्याकडच्या पोरांना मी एक रेकॉर्डिंग हमखास ऐकवतो ते म्हणजे 'टेक फाइव्ह', डेव्ह ब्रुबेकचा कंपू, १९५९. पाच मात्रांचं, तीन आणि दोन. झपताल वाजवणाऱ्या पोराला ते पटकन हातात येतं. पण खरी गंमत मधे आहे. ड्रमर जो मोरेल्लो सोलो सुरू करतो तेव्हा ब्रुबेक काय करतो? तोच एवढासा तुकडा पियानोवर वाजवत राहतो, परत परत, जराही न हलता. हा लेहराच झाला की! तबला सोलोला पेटीवाला नगमा धरतो तस्सा. आणि मोरेल्लो त्याच्यावर किती मोकळं वाजवतो बघा, सगळीकडे भरून टाकत नाही, एखादाच ठोका, मग शांतता. ती शांतता ब्रुबेकच्या जिवावर आहे. ज्याला लेहरा धरता येत नाही त्याच्यासमोर कुणी एवढं थांबायचं धाडस करणार नाही.

म्हणून धाग्याच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन.

बेसवाला_पौड_रोड | रविवार, सकाळी ९:४०

+१०००. लेहरा! हे मला आजवर सुचलं नव्हतं.

जुना_रेडिओ | रविवार, सकाळी १०:१५

तिहाई सर, दंडवत. त्याच ब्रुबेकचा दौरा १९५८ मध्ये इकडे आला होता आणि मुंबईत तो उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवायला बसला होता, सतार आणि पियानो. त्याच दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून त्याने नऊ मात्रांचा ठेका ऐकला, दोन-दोन-दोन-तीन, आणि त्यावर 'ब्लू राँडो' बांधलं. टेक फाइव्ह मात्र ब्रुबेकचं नाही, ते पॉल डेझमंडचं. मरताना त्याने त्याची रॉयल्टी अमेरिकन रेड क्रॉसला देऊन टाकली.

पेटीमास्तर | रविवार, दुपारी १२:३०

माझा मुद्दा जरा तांत्रिक आहे. सो व्हॉट मी पेटीवर बसवलं. पांढरी दोनचा सा धरा, गंधार निषाद कोमल, म्हणजे सरळ काफी थाट. पहिले सोळा बार तेच, मग आठ बार सगळंच्या सगळं अर्ध्या स्वराने वर, काळी दोन, आणि शेवटचे आठ परत खाली. कॉर्डची धावपळ नाही, एका थाटात निवांत राहायला मिळतं, आपल्या माणसाला ही रेकॉर्ड जवळची वाटते ती त्यामुळेच असावी.

पण माझी पेटी त्या जुन्या एलपीशी जुळेना! पांढरी दोनच्या किंचित वर. मी दोन दिवस पेटीला दोष दिला, एक सूर काढून घासायलाही घेणार होतो. मग कळलं की मार्चच्या बैठकीत स्टुडिओतलं टेप मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू कैक वर्षं चढ्या सुरात विकली गेली. नव्वदच्या दशकात ती दुरुस्त करून निघाली. पेटी बिचारी बरोबर होती.

जुना_रेडिओ | रविवार, दुपारी १:०२

म्हणजे मी वीसेक वर्षं जे ऐकलं ते चढंच! सुधारलेली सीडी पहिल्यांदा लावली तेव्हा मला ती उलट सुस्त वाटली होती, आज कारण कळलं. सवय झालेला कान चुकीच्यालाच बरोबर म्हणतो. पेटीमास्तर, सूर घासला नाहीत हे फार बरं केलंत.

मुळामुठा | रविवार, दुपारी ३:५०

१९७८ची पहिली जॅझ यात्रा, मुंबईत धोबीतलावला रंगभवनात, मी गेलो होतो. तेव्हा पुण्यात बीएमसीसी कॉलेजात होतो. सकाळी डेक्कन क्वीनने गेलो, दादरला आत्याकडे पिशवी टाकली आणि संध्याकाळी रंगभवन. उघड्यावरचं थिएटर, वर आभाळ. सॉनी रॉलिन्स आला होता. रॉलिन्स! मी त्याला बघितलं हे मला अजून खरं वाटत नाही. त्याचा सॅक्सोफोनचा आवाज म्हणजे सूर नंतर पोचायचा आणि आधी छातीवर हात ठेवल्यासारखं व्हायचं. रात्री आत्याकडे परत गेलो तर ती जागी, म्हणाली जेवलास का, आणि मला बोलताच येईना.

रॉलिन्स आपल्याला परका नाही. साठच्या दशकाच्या शेवटी तो पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, योग शिकायला. त्याआधी १९५९ ते ६१ त्याने कार्यक्रम करणंच सोडलं, ऐन नावाच्या भरात, का तर आपण अजून कमी पडतो म्हणून. घरात वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन् तास रियाझ करायचा. परत आल्यावर पहिल्या रेकॉर्डचं नाव 'द ब्रिज'. त्यात गिटारवर जिम हॉल आहे, आणि धाग्याचा मुद्दा कळायचा असेल तर तो ऐका. पियानो नाही, सगळी हार्मनी हॉलच्या गिटारवर, आणि रॉलिन्ससारख्या दांडग्या वादकाच्या मागे तो कुजबुजल्यागत वाजवतो.

वेताळ_टेकडी | रविवार, सायंकाळी ६:१८

मुळामुठा, पुलाचं वाचून लिहायला बसले. माझा मुलगा बारावीत आहे, ट्रम्पेट वाजवतो. आम्ही राहतो त्या सोसायटीत मीटिंग घेऊन सांगितलं की फ्लॅटमध्ये वाजवायचं नाही. म्यूट लावून वाजवतो म्हटलं, तेही नको. ढोलपथकाच्या सरावाला दोन महिने कुणी काही बोलत नाही, एका मुलाच्या ट्रम्पेटला मात्र मीटिंग. फार लागलं त्याला ते.

तर आता तो रोज पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीवर जातो. पावसाळ्यात पिशवीत दोन नॅपकिन, एक त्याला, एक वाद्याला. मी सोबतीला जाते, दगडावर बसते, चहाचा थर्मास. पहिला अर्धा तास तो नुसते लांब सूर लावतो, आपल्याकडे खर्ज भरतात तसे. फिरायला येणारे आजोबा लोक आता ओळखीचे झालेत, एक जण रोज येऊन दोन मिनिटं ऐकतात, काही बोलत नाहीत आणि पुढे जातात. परवा ते आले नाहीत तर पोरगा विचारत होता, आजोबा कुठे गेले.

आवडतं रेकॉर्डिंग त्याला विचारलं. ट्रम्पेटवर क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमवर मॅक्स रोच, कुठलंही चालेल म्हणाला. ब्राउन १९५६ मध्ये अपघातात गेला, फक्त २५ वर्षांचा.

मुळामुठा | रविवार, सायंकाळी ६:४४

ताई, पोराला सांगा आम्ही ऐकायला येणार आहोत.

चाफेकळी | रविवार, रात्री ९:१०

आले. माझं आवडतं रेकॉर्डिंग बघायचं आहे, नुसतं ऐकायचं नाही. ८ डिसेंबर १९५७, अमेरिकेत टीव्हीवर झालेला कार्यक्रम, बिली हॉलिडे आणि 'फाइन अँड मेलो'. तिचं स्वतःचं गाणं, बारा बारचा ब्लूज. ती उंच स्टुलावर बसलीय आणि भोवती अर्धवर्तुळात एकेक दिग्गज, कोलमन हॉकिन्स, बेन वेब्स्टर, रॉय एल्ड्रिज. ती दोन ओळी गाते की एक जण वाजवतो, परत ती, परत दुसरा.

सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगची पाळी येते. या दोघांची जुनी मैत्री, तिला 'लेडी डे' हे नाव त्यानेच दिलेलं. मधे बरीच वर्षं दुरावा. त्या दिवशी त्याची तब्येत बरी नव्हती. तो उठतो आणि एकच आवर्तन वाजवतो, बारा बार, मोजके स्वर, एकही जास्तीचा नाही. आणि कॅमेरा बिलीवर जातो. ती त्याच्याकडे बघतेय, मान हळूहळू हलतेय, ओठ किंचित दाबलेले, मधेच डोळ्यात हसू येतं आणि तसंच राहतं. आपल्या बैठकीत एखादी जागा बरोबर पडली की समोरचा जाणकार 'वा' म्हणायचं विसरून नुसती मान हलवतो ना, अगदी तशी. मी हे किती वेळा पाहिलं असेन माहीत नाही आणि दर वेळी मी लेस्टरचा सोलो ऐकत नाही, बिलीचा चेहरा ऐकते.

१९५९च्या १५ मार्चला लेस्टर गेला, १७ जुलैला बिली.

म्हणून जुना_रेडिओ, मला तुमचा प्रश्न थोडा बदलावासा वाटतो. साथ म्हणजे नुसतं मागे वाजवणं नाही. तिथे बिली काहीच वाजवत नव्हती, पण साथ तीच करत होती.

जुना_रेडिओ | रविवार, रात्री ९:२२

चाफेकळी, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहे तुमचं.

बेसवाला_पौड_रोड | रविवार, रात्री ९:४५

त्या १९५९ सालात काय होतं कळत नाही. काइंड ऑफ ब्लू, ब्रुबेकचं टाइम आउट (टेक फाइव्ह त्यातलंच), कोल्ट्रेनचं जायंट स्टेप्स, ऑर्नेट कोलमन, सगळी रेकॉर्डिंग एकाच वर्षातली. लेस्टर गेल्यावर दोन महिन्यांच्या आत चार्ल्स मिंगसने त्याच्या आठवणीत 'गुडबाय पोर्क पाय हॅट' रेकॉर्ड केलं, लेस्टर घालायचा त्या हॅटवरून नाव. मिंगस बेसवाला होता हे नमूद करतो.

खमंग_भजी | रविवार, रात्री १०:३०

अवांतर: एवढं सगळं लिहिलंत आणि आपल्या मुंबईच्या जॅझचं एक अक्षर नाही? १९५१चा अलबेला घ्या, 'शोला जो भडके'. संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, आणि चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. हा गोव्याचा ट्रम्पेटवाला, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. 'ईना मीना डीका' पण सी. रामचंद्र अण्णांचंच, १९५७.

निषाद | रविवार, रात्री १०:४१

गाणी लाख आवडतात पण तो जॅझ नाही. सगळं लिहून घेतलेलं, सोलोला जागा कुठे?

खमंग_भजी | रविवार, रात्री ११:०३

नाही कसा? ड्यूक एलिंग्टनचं पण किती तरी लिहिलेलंच असायचं. आणि ते लिहून कोण घ्यायचं ते बघा. शंकर-जयकिशनचं संगीत कागदावर बांधून द्यायचे सेबॅस्टियन डिसूझा. अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे. अशी किती गोव्याची माणसं, आणि पडद्यावर यातल्या किती जणांची नावं यायची? माझे आजोबा लष्करात बँडमास्तर होते खडकीला, ते गाणं लागलं की गायकाचं नाव कधी सांगायचे नाहीत, म्हणायचे हा ट्रम्पेट ऐक. धाग्याचं नावच 'मागे बसलेल्यांकडे कान द्या' आहे ना, मग सुरुवात घरापासून करू.

जुना_रेडिओ | रविवार, रात्री ११:१०

निःशब्द. खमंग_भजी, यावर तुम्ही वेगळा धागा काढाच.

स्वरालाप | सोमवार, सकाळी ११:३५

गाते, म्हणून लिहिते. एला फिट्झजेराल्ड, बर्लिन, १९६०. 'मॅक द नाईफ' गाताना मधेच ती शब्द विसरली, भर मैफलीत. थांबली नाही. विसरले हेच तिने चालीत बसवून गायला घेतलं, नवीन शब्द तिथल्या तिथे, मग लुई आर्मस्ट्राँगची नक्कल, आणि वर एलाने आणि तिच्या साथीदारांनी या गाण्याची कशी वाट लावली तेही गाऊन सांगितलं. त्याच गाण्याला ग्रॅमी मिळालं.

मागे पॉल स्मिथ पियानोवर आणि पुन्हा तोच जिम हॉल गिटारवर. ती कुठे जातेय हे तिलाच माहीत नसताना हे लोक जराही हलले नाहीत. मी एकदा एका छोट्या बैठकीत अंतरा विसरले होते, तेव्हा पेटीवर साथीला असलेल्या काकांनी पुढच्या ओळीचा पहिला स्वर जरासा दाबून दिला, बस एवढंच, आणि ओळ आठवली. श्रोत्यांना कळलंही नाही. त्यामुळे एलाचं ते गाणं ऐकताना माझ्या पोटात गोळा येतो आणि हसूही येतं.

मनमोकळा | सोमवार, दुपारी २:२०

कीथ जॅरेट, कोल्न कॉन्सर्ट, २४ जानेवारी १९७५. हिंजवडीहून घरी येताना वाकड पुलावर अडकलो की हेच, सहासष्ट मिनिटांची रेकॉर्ड, ट्रॅफिकला बरोबर पुरते. साथीला कोणीच नाही. ठरवलेला पियानो आलाच नाही, भलताच लहान आणि बिघडलेला मिळाला, वरचे सूर पत्र्यासारखे, खालचे पोकळ. मग गडी मधल्या सप्तकात राहिला आणि डाव्या हाताने एकच तुकडा धरून वाजवत बसला.

तिहाई | सोमवार, दुपारी २:४८

डावा हात काय करतोय मग? लेहराच.

मनमोकळा | सोमवार, दुपारी २:५०

सर :) मान्य.

पेटीमास्तर | सोमवार, रात्री ८:१५

सो व्हॉटमधला पियानोवाला बिल इव्हान्स, त्याचं नाव अजून कुणी काढलं नाही. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. पियानो, बेस, ड्रम, तिघेच. बेसवर स्कॉट लाफॅरो, ड्रमवर पॉल मोशन. यात पुढे कोण आणि मागे कोण हे सांगताच येत नाही. इव्हान्स एक वाक्य अर्धं सोडतो आणि लाफॅरो ते पूर्ण करतो, किंवा करत नाही, भलतंच काहीतरी म्हणतो आणि इव्हान्स ऐकत थांबतो.

आणि मागे लोकांचे आवाज आहेत. ग्लास टेबलावर ठेवल्याचे, बोलण्याचे, कुणीतरी हसतं. थोडेच लोक, गप्पा मारत बसलेत, त्यांच्या समोर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नाही. अकरा दिवसांनी लाफॅरो अपघातात गेला, २५ वर्षांचा. इव्हान्सने पुढे कित्येक महिने वाजवलंच नाही.

मी ती रेकॉर्ड हेडफोनवर ऐकतो तेव्हा त्या हसणाऱ्या माणसाला सांगावंसं वाटतं, अरे बाबा जरा इकडे बघ.

खडकीकर | मंगळवार, रात्री ९:५५

परत आलो. तिहाई सरांनी सांगितलं तसं केलं. सो व्हॉट लावलं, चाल मनात धरली. पहिल्या दोन वेळा हरवलो. तिसऱ्यांदा ते पेटीमास्तर म्हणतात ते वर चढणं एकदम कानावर आलं आणि मी सोफ्यावरून उठूनच बसलो. मग कळत गेलं, सॅक्सोफोन वाजत असताना पण, अरे आता चढणार, चढला, आता उतरला. मला वाटायचं हे लोक भरकटतात. कुणीच भरकटत नव्हतं.

आणि एक झालं. माझी आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. वय ७९, देवळात कीर्तनाला चाळीस वर्षं पेटीची साथ केलीय तिने. इंग्रजी बाजा म्हणून तिने आधी लक्ष दिलं नाही. मग ट्रम्पेट चालू असताना एकदम हात थांबवून म्हणाली, "हा पेटीवाला चांगला आहे रे. मधे मधे करत नाही." मी म्हटलं आई पेटी नाही, पियानो आहे. "तेच ते. बुवा श्वास घेतात तेवढ्यातच वाजवतोय." मग पूर्ण होईपर्यंत ऐकलं, शेंगा तशाच. संपल्यावर नाव विचारलं. बिल इव्हान्स म्हटलं. आणखी आहे का याचं म्हणाली.

कुठलं लावू?

पेटीमास्तर | मंगळवार, रात्री ९:५९

'वॉल्ट्झ फॉर डेबी'. तीच व्हॅनगार्डची रेकॉर्ड, पहिलंच 'माय फूलिश हार्ट'. मोशनने ब्रशने सिंबल नुसतं हलवलंय, ते त्यांना ऐकवा. आईंना नमस्कार सांगा.

जुना_रेडिओ | मंगळवार, रात्री १०:२०

खडकीकर, मी शनिवारी जे चार परिच्छेद लिहिले ते तुमच्या आईंनी एका वाक्यात सांगितलं.

वेताळ_टेकडी ताई, रविवारी पहाटे मी, मुळामुठा आणि बेसवाला येतोय. बेस टेकडीवर चढवता येणार नाही असं तो म्हणतोय, पण बघू, चौघे मिळून उचलू. मुलाला क्लिफर्ड ब्राउनचं 'जॉय स्प्रिंग' तयार ठेवायला सांगा. थर्मास मोठा आणा.

वेताळ_टेकडी | मंगळवार, रात्री १०:३४

सांगितलं. आत्तापासूनच बोटं हलवतोय हवेत. ते आजोबा पण आज परत आले होते, गावाला गेले होते म्हणे. रविवारी या म्हटलं त्यांनाही.